पन्नास काडतुसं आणि चिवड्याचा डबा

आमचे हे पिस्तूल क्लबचे मेंबर आहेत असं कुणाला सांगितलं, की माणसं आधी हसायची, मग ह्यांच्याकडे एकदा नीट बघायची आणि पुन्हा हसायची. बरोबरच होतं त्यांचं. उंची पाच फूट चार इंच, स्वेटरच्या कोपरांना मी लावलेली ठिगळं, आणि आवाज इतका हळू की बसच्या ड्रायव्हरला स्टॉपचं नाव दोनदा सांगावं लागायचं. पद्माकर निमकर. बहात्तर साली पुण्याहून इंग्लंडात रीडिंगला आले ते हॉस्पिटलच्या डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून, आणि पंचवीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. दुसऱ्यांच्या तोंडात बसतील असे दात करायचे.

तुम्हाला वाटेल त्यात काय मोठंसं! मलाही लग्नानंतर तसंच वाटायचं. मग एकदा मी त्यांना एका क्राउनवर तीन संध्याकाळी बसलेलं पाहिलं. कपाळावर भिंग, हातात चिमटा, आणि समोर दाणा म्हणावा एवढासा सोन्याचा दात. 'झालं की हो आता, बसतोय,' मी म्हटलं. 'बसतोय गं, पण चावताना त्या बाईला रोज कळेल,' म्हणाले, आणि वितळवून पुन्हा ओतला. त्या बाईचं नावसुद्धा माहीत नव्हतं त्यांना. असा माणूस. संसार करायला कटकट, पण खोट काढायला जागा नाही.

शहाऐंशी साली हॉस्पिटलचा बॉयलर सांभाळणाऱ्या मॉरिसने त्यांना क्लबात नेलं. क्लब म्हणजे गावाबाहेर खडूच्या दगडाची एक जुनी खाण, एक लाकडी झोपडं आणि चहाची किटली. मला आधी सांगितलं नाही. पोलीस पिस्तुलाच्या सर्टिफिकेटसाठी घर बघायला आला, आणि जिन्याखाली भिंतीत पोलादी कपाट ठोकलेलं दिसलं, तेव्हा मला कळलं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. हे शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, 'नंदा, दिवसभर मी दुसऱ्याच्या मापाचं करतो. रविवारी दोन तास स्वतःच्या मापाचं करू दे.' कपाळ माझं! मी चहाचं आधण ठेवलं.

आता खरी गोष्ट त्या रिव्हॉल्व्हरची. एकोणनव्वद साली क्लबातल्या एकाने स्पेनला घर घेतलं आणि सामान विकायला काढलं. त्यात एक चव्वेचाळीस कॅलिबरचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं. कॅलिबर एवढं मोठं आणि नळी माझ्या करंगळीएवढी आखूड. कुणी हात लावेना. नळी आखूड म्हणून नेम धरायला वाईट, आणि कॅलिबर मोठं म्हणून धक्का जबर. आमच्या ह्यांनी तेच उचललं. कुणाच्याच तोंडात न बसणारी कवळी दिसली की ह्यांचे डोळे चमकतात, तसलाच प्रकार.

मॉरिस क्लबचा सेक्रेटरी, पद्माकरचं 'पद' करून टाकलेला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, 'पद, ह्याने तू पंचवीस यार्डांवर पाचही गोळ्या एका बशीएवढ्या गोलात बसवल्यास, मॅचच्या दिवशी, साक्षीदारासमोर, तर ते निशाण्याचं कार्ड मी फ्रेम करून भिंतीवर लावीन.' भिंतीवर अशी सहा कार्डं होती, सगळी लांब नळीवाल्यांची. हे नुसते हसले. पण मला ते हसू माहीत होतं. त्या दिवसापासून ह्या माणसाला जगात एकच गोष्ट हवी होती, सातवं कार्ड.

आणि मग आमची बागेतली शेड गेली. तिथे गॅसची शेगडी आली, शिसं वितळवायची कढई आली, साचा आला. विकतच्या काडतुसांनी काही जमत नाही म्हणे, गोळी आपणच ओतली पाहिजे. शेडमध्ये खायला-प्यायला सक्त मनाई. शिशाचं विष हाताला लागतं म्हणून बाहेर आले की कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि कपडे वेगळे. माझ्या डाळीच्या कढईला एवढा मान कधी मिळाला नाही.

पहिलं वर्ष फुकट गेलं. ह्यांना वाटलं, गोळी जितकी कडक तितकी चांगली. छापखान्यातले अक्षरांचे जुने खिळे आणून वितळवले, त्यात शिसं कडक करणारी अँटिमनी भरपूर. गोळ्या अशा टणक झाल्या की खणखण वाजायच्या. पण दहा बार झाले की नळीच्या आत शिशाचे थर, आणि नेम गेला बागडायला. सहा महिने नळी घासत बसले, मग एका संध्याकाळी जेवताना घास हातात तसाच धरून म्हणाले, 'अगं, मी मूर्ख आहे.' मी म्हटलं, 'हे आज कळलं?' तर म्हणाले, 'माझा बार हलका आहे, पावडर कमी. एवढ्याशा दाबाने इतकी कडक गोळी फुगतच नाही. नळीत घट्ट बसत नाही, मग बाजूने गरम वायू सुटतो आणि शिसं खरवडतो. सैल कवळीच की ही! मऊ पाहिजे.' आणि उरलेलं पिठलं गार झालं.

मग मऊ शिशाच्या मागे. छपरं दुरुस्त करणाऱ्याकडचे शिशाच्या पत्र्याचे तुकडे, गॅरेजवाल्याकडची टायरला लावायची शिशाची वजनं, चिमूटभर कथील. किती मऊ ते कसं कळायचं? तर सीमाच्या चित्रकलेच्या पेन्सिली! सीमा म्हणजे आमची मुलगी, तेव्हा शाळेत. पेन्सिलीचं टोक शिशावर ढकलायचं. कुठल्या नंबरची पेन्सिल ओरखडा काढते त्यावरून कडकपणा. पोरगी रडकुंडीला आली. 'आई, बाबाला सांग ना, माझी नवीन पेन्सिल मोडली, उद्या आर्ट आहे!' ह्यांनी तिला दोन डझनांचा डबा आणून दिला, आणि त्यातल्या चार परत घेतल्या.

गोळीचं नाक चपटं ठरलं, कारण ते कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतं, वादाला जागा राहत नाही. खाचेत वंगणाला मधमाशीचं मेण. प्रत्येक गोळी लॅबच्या काट्यावर तोलायची. जरा हलकी भरली तर आत पोकळी आहे म्हणून परत कढईत. शंभरातल्या तीस परत जायच्या.

गोळी ठरायला तीन वर्षं लागली आणि पावडर, म्हणजे काडतुसातली दारू, ठरायला आणखी तीन. आधी हळू जळणारी घेतली. एका रविवारी मीही गेले होते बघायला. बार झाला तर कानाचे पडदे हादरले, समोर ही एवढी ज्वाळा, आणि टेबलावर न जळलेले दाणे सांडलेले. मॉरिस म्हणाला, 'पद, चहा उकळून घेतो त्याच्यावर.' नळी आखूड, पावडर पुरती जळायच्या आत गोळी बाहेर. म्हणजे झटकन जळणारी हवी. तशा दोन सापडल्या. एक दाट, चिमूटभर पुरायची, आणि तिने नेम छान लागायचा. पाचातल्या चार बशीत, पाचवी कडेला. दुसरी हलकी, फुगीर, काडतुसाची पुंगळी निम्म्याच्या वर भरायची. तिने नेम किंचित पसरायचा.

ह्यांनी दुसरी घेतली! मॉरिस वेड्यासारखा बघायला लागला. पहिलीने कार्ड जवळ दिसत होतं. हे म्हणाले, 'दाट पावडर चुकून दोनदा पडली तरी पुंगळीत मावते, बाहेरून कळत नाही. मग हात जातो, शेजारी उभा असेल त्याचा डोळा जातो. फुगीर पावडर दोनदा पडली तर सांडते. चूक झाली तर ती डोळ्यांना दिसली पाहिजे, मॉरिस.' आणि नेम पसरतो त्याचं काय? 'ते माझ्या हाताचं काम. मी शिकीन.' वयाच्या बावन्नाव्या वर्षी सांगत होते हे. पुढची दोन वर्षं रोज सकाळी कामावर जाण्याआधी दहा मिनिटं रिकामं रिव्हॉल्व्हर धरून बेडरूमच्या भिंतीसमोर उभे. मी चादरी घडी करत असायची. खरं सांगते, मनातून अभिमान वाटायचा. तोंडाने मात्र 'अहो, बाजूला व्हा, पडदे काढायचेत' असंच म्हणायची मी.

शहाण्णवच्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधल्या त्या शाळेत ते भयंकर घडलं. एका माणसाने पिस्तुलं झाडून सोळा लहान मुलं आणि त्यांची टीचर मारली. हे दोन दिवस जेवले नाहीत. पुढे पिस्तुलांवर बंदीचा कायदा आला तेव्हा क्लबवाले चिडले, लंडनला मोर्चाला निघाले. हे गेले नाहीत. मॉरिस घरी आला समजवायला. हे म्हणाले, 'मला पुठ्ठ्याला भोकं पाडायचीयत. त्यांची मुलं गेली. मी कुठल्या तोंडाने घोषणा देऊ?' मॉरिस चहा न पिता गेला, पण पुढच्या रविवारी त्याने ह्यांची खुर्ची स्वतः पुसून ठेवली.

मोठ्या कॅलिबरची पिस्तुलं सत्त्याण्णवच्या जुलै ते सप्टेंबरात पोलिसांकडे जमा करायची होती. म्हणून जूनच्या शेवटच्या रविवारी क्लबची शेवटची मॅच. ह्यांच्यासाठी शेवटची पाच फैरींची संधी. त्यानंतर ती नळी, ती गोळी, ती पावडर, सगळं संपणार. मे महिन्यात त्यांनी पन्नास काडतुसं भरली. एकेक गोळी दोनदा तोललेली. लाकडी खोक्यात पाच ओळी करून ठेवली, आणि मला बोलावून दाखवली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

आता माझं पाप.

पावडर शेडमध्ये एका लाकडी पेटीत असायची. तिची एक किल्ली ह्यांनी मला दिली होती. 'मी घरी नसताना आसपास आग लागली तर फायर ब्रिगेडला पेटी उघडून दाखवता आली पाहिजे,' म्हणाले होते. पोलादी कपाटाची किल्ली कधी दिली नाही, ही दिली. एका दुपारी मी शेडमध्ये फावडं शोधत होते. सहज पेटी उघडली. आत दोन पत्र्याचे गोल डबे, घट्ट झाकणाचे, दोन्ही अर्धे. दोन्हीत करडे, चपटे कण. बघून माझा जीव तुटला हो! असा सुरेख डबा, पोह्याचा चिवडा महिनाभर सादळणार नाही असा, आणि अर्धा रिकामा. तुम्ही मराठी घरातल्या असाल तर तुम्हाला सांगायला नको. दोन अर्धे डबे एकाच जिनसाचे दिसले की आपण काय करतो? मी एक दुसऱ्यात ओतला. रिकामा घरात आणला, गरम पाण्यात लेबल भिजवून काढलं, साबणाने तीनदा घासला, उन्हात वाळवला. ह्यांना बोलले नाही, कारण शेडमध्ये शिरले म्हणून बोलणी खावी लागली असती. आणि मग विसरून गेले.

मॅचच्या रविवारी सगळ्यांची कुटुंबं आली होती. प्रत्येकीने काहीतरी करून आणायचं होतं. मी चिवडा नेला, त्याच डब्यात. मॉरिसने दोन मुठी खाल्ल्या आणि म्हणाला, 'वा, बॉम्बे मिक्स!' इथल्या दुकानात पाकिटात मिळतं ते बॉम्बे मिक्स म्हणे! पातळ पोह्यांचा, कढीपत्त्याचा, खोबऱ्याच्या कापांचा चिवडा, आणि बॉम्बे मिक्स. मी त्याला ऐकवणार तेवढ्यात ह्यांचं नाव पुकारलं. दुसऱ्यांच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, आता ह्यांची पाळी. हे उठले. त्या दिवशी त्यांचा हात बघायला हवा होता तुम्ही. इतका स्थिर की कपातला चहा हलत नव्हता. सीमा माझ्या कानात म्हणाली, 'आई, आज होणार.'

कार्ड ठेवायला टेबलावर जागा नव्हती, म्हणून ह्यांनी चिवड्याचा डबा उचलून बाजूला करायला घेतला. आणि तसेच थांबले. बोटं डब्याच्या तळाखाली होती. पावडरचा नवा डबा उघडला की ते तळावर दातांच्या ड्रिलने तारीख कोरायचे, हे मला कुठे माहीत! मी बाहेरून घासला होता, पण कोरलेलं कुठे जातंय? त्यांनी डबा सरळ उलटा केला. सगळा चिवडा जमिनीवर. ज्या माणसाने आयुष्यात चमचाभर साखर सांडली नाही, त्याने!

'नंदा, हा डबा कुठला?'

'तुमच्या पेटीतला. अहो, तीनदा धुतलाय मी.'

'आत होती ती पावडर?'

'दुसऱ्या डब्यात ओतली. सारखीच तर होती.'

दाट आणि फुगीर एकत्र, म्हणजे बार किती जोराचा होईल ते कुणालाच सांगता येणार नाही. मला तेव्हा अर्थ कळला नाही, पण मॉरिसचा चेहरा बघून कळला. भाषा कळत नसली तरी डबा त्याने ओळखला होता. हे माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, 'कधी ओतलीस? मी काडतुसं भरली त्याच्या आधी की नंतर?'

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. आठ वर्षं होती त्यांत. एक शब्द पुरे होता, 'नंतर'. तसं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता, जाऊन उभे राहिले असते. आणि खरंच, मला नंतरच वाटत होतं. सीमाच्या युनिव्हर्सिटीच्या परीक्षांच्या आसपास. पण आसपास म्हणजे नक्की कधी? ह्यांचा हात डोळ्यांसमोर आला, तो चिमटा धरणारा.

'आठवत नाही हो,' मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. गळ्यातले कान झाकायचे मफ काढले, रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याचं मॉरिसला दाखवून पेटीत ठेवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांच्या मानाने मोठ्या आवाजात, इंग्रजीत म्हणाले, 'मी आज फायर करणार नाही. माझ्या पावडरची मला खात्री नाही. भरताना पेटीतले डबे मी मोजले नाहीत. चूक माझी आहे.' माझं नाव नाही, माझ्याकडे नुसतं बघणंसुद्धा नाही. मॉरिसने स्वतःची काडतुसं पुढे केली. 'ह्या नळीसाठी केलेली नाहीत ती,' म्हणाले, 'आणि दुसऱ्याच्या गोळीचं कार्ड मी भिंतीवर बघू शकणार नाही.' उरलेली दुपार त्यांनी बाकीच्यांच्या कार्डांवरचे गुण मोजले. बारीक, सुंदर अक्षरात प्रत्येकाचे आकडे लिहिले. मी जमिनीवरचा चिवडा गोळा करत होते आणि मला तोंड वर करवत नव्हतं.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, 'ओरडा हो माझ्यावर.' तर म्हणाले, 'पुढचा राउंडअबाउट आला की डावीकडे कुठे वळायचं ते सांग, मला ती पाटी दिसत नाही.'

पुढच्या शनिवारी सकाळी शेडमधून ठकठक ऐकू यायला लागली. काडतूस परत खोलायचं एक हातोडीसारखं हत्यार असतं. आपटलं की गोळी सुटते आणि पावडर बाहेर पडते. मी कणीक मळता मळता मोजत होते. पन्नासावा ठोका झाला आणि मला राहवलं नाही. हात तसेच पिठाचे, गेले शेडच्या दारात.

गोळ्या एका बाजूला, पुंगळ्या एका बाजूला. मध्ये पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीत पावडरचा छोटासा ढीग. भिंग त्यांच्या कपाळावर होतं. दोन जातींचे कण आहेत की एका, ते भिंग डोळ्यावर ओढलं की लगेच कळलं असतं.

'होती का हो मिसळलेली?'

'बघितलं नाही.'

'म्हणजे? पन्नासच्या पन्नास खोललीत आणि बघितलं नाहीत?'

त्यांनी ताटली उचलली. 'मिसळलेली नाही असं निघालं, तर कार्ड फुकट गेलं म्हणून मला तुझा राग येईल. एक दिवस का होईना, येईल. आणि मिसळलेली निघाली, तर तू मरेपर्यंत तो डबा धूत बसशील. दोन्ही नकोत मला.' माझ्या बाजूने ते शेडबाहेर गेले, बागेतल्या रिकाम्या वाफ्यावर ती पावडर पातळ पसरून टाकली, खुरप्याने मातीत कालवली आणि वर झारीने पाणी घातलं. खत होतं म्हणे तिचं.

केसाएवढा फरक तोलणारा हा माणूस. त्याने आयुष्यात एकच गोष्ट तोलली नाही, आणि ती माझ्यासाठी. मी पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडले, अगदी मोठ्याने, शेजारच्या बाईने खिडकी उघडली तरी.

हे झारी ठेवून आले. रुमाल शोधला, खिशात नव्हता, म्हणून स्वेटरची बाही पुढे केली.

'चिवडा कर ना थोडा,' म्हणाले. 'रविवारी खायचा राहिला. आणि हे बघ, स्टीलच्या डब्यात ठेव.'